राहून गेलेली उपमा

अहो, तुमचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

पनवेलच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना तुम्ही हाताने मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, पाणी हवंय. तर तुम्ही विचारलंत, "सापडलं का?" शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंना वाटलं आमचं काही हरवलंय, त्या बिचाऱ्या वाकून खाटेखाली बघायला लागल्या. मी म्हटलं, "घरी चला, मग सांगते." तुम्ही म्हणालात, "म्हणजे नाही सापडलं," आणि डोळे मिटून हसलात. घरी काही तुम्ही आला नाहीत. आणि मी ज्या प्रश्नाला सगळा संसार 'बघू, सांगते, घाई काय आहे' म्हणत टोलवलं, तो आता स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे फिरतो.

प्रश्न साधा होता. मी तुला कशासारखा वाटतो?

दुखवट्याला आलेल्यांना असला काही प्रश्न पडला नाही. त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. कुणी म्हणालं, सर म्हणजे वटवृक्ष होते. कुणी दीपस्तंभ म्हणालं. तुमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी तर तुम्हाला एका वाक्यात हिमालय केलं आणि दुसऱ्या वाक्यात सागर. मी मान डोलावत होते, पण तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकताय आणि माझ्याकडे बघताय, असं सारखं वाटत होतं. छत्री उघडूनसुद्धा डावा खांदा भिजवून घरी येणारा माणूस, त्याचा वटवृक्ष कसा होणार? रडता रडता मला हसू आलं, तर जाऊबाईंना वाटलं मला भोवळ येतेय. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला.

या सगळ्याला सुरुवात तुम्हीच केलीत, आमच्या मांडवात.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्या बांधावर सगळ्या गावाचा जीव टांगलेला. तुम्ही रोह्याच्या आतल्या बाजूचे, डोंगराच्या कुशीतले. समुद्र तुम्ही पाहिला होता तो कवितेत, आणि एकदा कॉलेजच्या सहलीत. जेवणाच्या पंगतीत बायकांनी ताट अडवलं, नाव घेतल्याशिवाय घास नाही म्हणाल्या. इतर नवरेमुलगे अशा वेळी लाजतात, तुम्ही घसा खाकरलात. उखाणा स्वतः रचून आणला होतात.

"पुनवेला उधाण येतं खाडीच्या पाण्याला,
तसं माझं प्रेम आलं सुलभाच्या वाट्याला."

तुम्ही टाळ्यांची वाट बघत होतात. मांडवात मात्र वाढणाऱ्यांचे हातसुद्धा थांबले. माझ्या बाबांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. त्याच्या आधी काही वर्षं असंच पुनवेचं उधाण येऊन बांधाला भगदाड पडलं होतं. आमच्याकडे त्याला खांड गेली म्हणतात. खारं पाणी शेतात शिरलं आणि पुढची किती वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवली नाही. बाबा मिठागरावर मजुरीला गेले ते तेव्हापासून. आणि जावई भर मांडवात सांगतोय की माझं प्रेम तसलंच आहे.

शेवटी आत्याने तोंड उघडलं. "अगो बाय! यांच्या प्रेमानं बांध ऱ्हातोय का फुटतोय गो?"

सगळा मांडव हसला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, ह्यो नको. दुसरा घ्या."

"दुसरा नाहीये माझ्याकडे," तुम्ही म्हणालात.

"मंग नुसतं नाव घ्या. जेवा."

तुम्ही नुसतं नाव घेतलंत आणि जेवलात. इतकं मुकाट जेवताना मी तुम्हाला पुन्हा कधीच पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी रोह्यातल्या आपल्या घरी तुमच्या बहिणीने मला दारात अडवलं. आता माझी पाळी होती. मी दिवसभराची घुश्शात होते, म्हणून पाठ केलेला, ताट-वाटी-समईचा कसला तरी उखाणा घडाघडा म्हटला आणि माप ओलांडून आत आले. सगळ्या खूश झाल्या. तुम्ही मात्र घरात जरा निवांत झाल्यावर विचारलंत, "त्यात ताट होतं, वाटी होती, मी कुठे होतो?"

"तुमचं नाव होतं की."

"नाव सगळ्यांनाच असतं. मी कशासारखा आहे ते सांग."

"सांगेन," मी म्हटलं, "सापडलं की सांगेन."

एवढ्यावर ते मिटायला हवं होतं, पण तुम्ही इंग्रजीचे मास्तर. तिकडच्या कवींच्या प्रेमकविता शिकवायच्या आणि घरी येऊन माझ्याशी त्यावर वाद घालायचा हा तुमचा धंदा. त्या कवींचा मला पहिल्यापासून अचंबा वाटायचा. प्रेम बाईवर आणि बोलायचं वाऱ्याशी. ती समोर बसलेली असताना हे तळ्याकडे बघणार, ढगाकडे बघणार, झाडावरच्या पक्ष्याला आपलं दुःख सांगणार. मी विचारायचे, "त्या पक्ष्याला कुणी विचारलं का, त्याला वेळ आहे का म्हणून?" तुम्ही चहा सांडेपर्यंत हसायचात. मग गंभीर होऊन म्हणायचात, "सुलभा, सरळ सांगायची लाज वाटते म्हणून माणूस फुलाकडे बोट दाखवतो. ती लाज म्हणजेच कविता." हे मला तेव्हा पटलं नव्हतं. तरी वाक्य आवडलं होतं, हे मी तुम्हाला कळू दिलं नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते अजून तसंच आहे. दोन माणसांच्या मध्ये एवढं आभाळ, चांदणं, समुद्र आणून ठेवलं की माणूस दिसेनासा होतो. चंद्रासारखं तोंड म्हणजे नक्की कसलं? नाक कुठे त्यात? आणि आमच्या घरी पुनवेचा चंद्र वर आला की आई म्हणायची, "उठा, बांधावर जाऊन या." बाबा टोपी घालून निघायचे. मला कुणी चंद्रमुखी म्हटलं असतं तर माझ्या आईने आधी भरतीची वेळ विचारली असती.

तो उन्हाळ्याचा वाद आठवतो? तुम्ही वर्गात सांगितलंत की तिकडच्या कवितेत उन्हाळा ही लाडाची गोष्ट असते, प्रिय माणसाला उन्हाळ्याची उपमा देतात. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचे. ती म्हणाली, "सर, आमच्याकडं उन्हाळा म्हंजे टँकर. टँकरसारखी म्हटलं तर कुणाला आवडंल काय?" तुम्ही इतके खूश होऊन घरी आलात की चपला घालूनच देवघरापर्यंत पोचलात. म्हणालात, बघ, उपमा गावाबाहेर नेली की मरते. आणि तुम्हाला वाटलं मी हो म्हणेन.

मी म्हटलं, "तिला सांगा, पेणला येऊन बघ. आमच्याकडे उन्हाळ्यात मीठ पिकतं. ऊन तापलं नाही तर मिठागरावर चूल पेटत नाही. माझ्या बाबांना कुणी उन्हाळा म्हटलं असतं तर ते खूश झाले असते."

तुम्ही पायातली चप्पल हातात घेऊन तसेच उभे राहिलात. त्या परक्या कवीची बाजू मी घेतली होती, आणि तीही मिठाच्या जोरावर. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते वर्गात सांगितलंत. माझ्या नावासकट, हे मला बाजारात भाजीवालीकडून कळलं.

तुमचं हेच मला कधी उलगडलं नाही. वादात हरल्यावर माणसं चिडतात, तुम्हाला भूक लागायची.

उधाणाचं मात्र तुम्ही सोडलं नाहीत. लग्नानंतरच्या श्रावणात आपण माहेरी गेलो होतो, तेव्हा तुम्ही बाबांना म्हणालात, "मला उधाण दाखवा." बाबांनी आधी दुर्लक्ष केलं. मग भर दुपारी, पुनवेच्या भरतीला, तुम्हाला घेऊन बांधावर गेले. मी आणि आई ओसरीवर बसून होतो. तुम्ही परत आलात ते गुडघ्यापर्यंत चिखलात, एका पायात चप्पल, दुसरी खाडीत गेलेली, चष्म्यावर खारे डाग. मला वाटलं, आता तरी म्हणाल की तो उखाणा चुकला.

तुम्ही म्हणालात, "सुलभा, उखाणा बरोबर होता. बघताना पोटात गोळा आला माझ्या. प्रेमात तसंच होतं."

"मग बांध कोणी घालायचा?" मी विचारलं.

तुम्ही चप्पल धुवायला म्हणून उठलात, आणि ती एकच होती हे लक्षात येऊन परत बसलात. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्याकडे बघून हसले. रात्री जेवताना तुमच्या पानात त्यांनी स्वतः निवटीचं कालवण वाढलं. तुम्ही माशाला घाबरता हे मला माहीत होतं. तुम्ही ते सगळं खाल्लंत.

अशी वर्षं गेली. हळदीकुंकू असो, कुणाचं डोहाळजेवण असो, बायका मला नाव घ्यायला सांगायच्या आणि मी काहीतरी जुळवून मोकळी व्हायचे. घरी आले की तुम्ही पेपर खाली करून विचारणार, "आज कोण होतो मी?" कधी तुम्ही समईची वात असायचात, कधी तुळशीचं पान. तुम्ही म्हणायचात, "नाही. अजून नाही सापडलं." तुम्हाला कसं कळायचं कोण जाणे. पण बरोबर कळायचं, कारण मलाही ते खोटं वाटायचं. खरं सांगू का? तुम्ही जवळ होतात म्हणून मला तुमच्यासारखं दुसरं काही लागत नव्हतं. हातात मूळ वस्तू असताना तिची आठवण करून देणारं दुसरं काही माणूस कशाला शोधेल?

आता लागतंय. ते कवी तळ्याकडे आणि ढगाकडे का बघायचे, याचा मला आता थोडा अंदाज यायला लागलाय. त्यातल्या निम्म्यांची माणसं जवळ नसणारच. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत, की सांगितलंत आणि मी फोडणीच्या आवाजात ऐकलं नाही?

संक्रांत झाली परवा. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाताना दिसत होत्या. समोरच्या वहिनी तिळगूळ घेऊन आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या. दरवर्षी त्याच मला दामटून नाव घ्यायला लावायच्या, "घ्या हो, सरांचं नाव घ्या." या वेळी त्यांनी माझ्या हातावर वडी ठेवली आणि नावाचं काही न म्हणता परत वळल्या. त्यांचा दोष नाही, आपली रीतच तशी. मी दार लावलं आणि माझ्या लक्षात आलं, की आता मला तुमचं नाव घ्यायला कुणी सांगणार नाही. तुम्हाला मी आयुष्यभर 'अहो' म्हटलं. नाव यायचं ते उखाण्यात. म्हणजे तुमच्याबरोबर माझ्या तोंडातलं तुमचं नावही गेलं. इतका राग आला मला. त्या वडीचं मी काय केलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी पकडून तुमच्या गावी गेले. भाऊजी बोलवतच होते, "वहिनी, या जरा, मन रमंल." मला मन रमवायचं नव्हतं. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि माझ्या खाडीपाशी ते नाही याची माझी खात्री झाली होती.

तुम्हाला एक गंमत सांगते. इतकी वर्षं आपण गावी गेलो ते गणपतीत आणि मे महिन्यात, शाळा-कॉलेजांच्या सुट्टीत. गणपतीत तुमची शेतं भाताने भरलेली, मेमध्ये नुसती ढेकळं. थंडीतलं तुमचं शेत मी कधी पाहिलंच नव्हतं. वाल मला ठाऊक होते ते घरी आलेले. तुमच्या गावाहून पिशवी यायची, मी ते भिजवून मोड आणायचे, आणि आपण दोघं सोलायला बसायचो. तुम्ही एक वाल सोलायचात आणि दोन ओळी म्हणायचात. त्या वेगाने बिरड्याची उसळ दुसऱ्या दिवशी व्हायची. पण वाल उगवतात कसे, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या खाऱ्या जमिनीत भात काढलं की संपलं, पुढच्या पावसापर्यंत काही येत नाही.

भाऊजी मला बांधावरून घेऊन गेले. जिथे भात होतं तिथे सगळा वाल पसरला होता, कुठे फुलं, कुठे शेंगा. कापलेल्या भाताचे बुडखे अजून तसेच होते आणि त्यांच्यातून वेल गेले होते. जमिनीला वरून भेगा पडलेल्या. विहीर दूर, पाट नाही, पंप नाही. मी मास्तरांची बायको, विचारल्याशिवाय राहवेना.

"भाऊजी, याला पाणी कोण देतं?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "वालाला? पानी? मस्करी करताय काय, वहिनी?"

"नाही हो. खरंच विचारते."

"वालाला पानी नाय देत कुणी. भाताची ओल ऱ्हाते ना जमिनीत, तिच्यावर येतो. वरनं थोडं दव. बास." मग म्हणाले, "दादानं सांगितलं नाय कधी?"

नाही, दादानं सांगितलं नाही. दादानं परदेशातली तळी सांगितली, तिकडची फुलं सांगितली, आपल्या दाराशी काय पिकतं ते नाही सांगितलं. मी खाली बसले आणि एका भेगेत बोटं घातली. वरून माती भाजलेली, आत गार होती. चांगली गार, ओली. पाऊस जाऊन किती महिने झाले. भात कापून, झोडून, घरात जाऊनसुद्धा किती दिवस झाले. मी हात तसाच ठेवून बसले. भाऊजी लांब जाऊन शेंगा तोडायला लागले, आणि माझ्याकडे बघायचं नाही एवढं त्यांनी कटाक्षाने पाळलं.

तिथे बसून मला एक गोष्ट सुचली, तुमच्याशी बोलायला हवी होती अशी. तुम्ही मांडवात खाडी का आणलीत, हे मी इतकी वर्षं चुकीचं समजत होते. मला वाटायचं, पुस्तकी माणूस, पुस्तकातला शब्द ठोकून दिला. पण तुमच्याकडे तुमचं काय कमी होतं? डोंगर होता, भात होतं, हा वाल होता. ते सगळं सोडून तुम्ही माझ्या गावाकडे बघितलंत. न पाहिलेल्या खाडीतून, चुकत का होईना, माझ्यासाठी काहीतरी आणलंत. आणि मी मात्र तुमच्यासाठी उपमा शोधत राहिले माझ्याच देवघरात नि माझ्याच स्वयंपाकघरात. मी तुमच्या शेतात यावं म्हणून तुम्हाला जावं लागलं.

उधाणावरचा वाद मी सोडलेला नाही, हे लक्षात ठेवा. प्रेम उधाणासारखं असतं हे मला आजही मान्य नाही. उधाण येतं तेव्हा सगळा गाव बघायला धावतो. ओल कुणाला दिसत नाही. तुम्ही माझ्यासोबत असताना मलाही दिसली नाही. तुम्ही रोज थोडे थोडे मुरत होतात, त्या दोन-दोन ओळींनी, हरलेल्या वादांनी, भिजलेल्या डाव्या खांद्याने, आणि मी आपली वर बघत होते, की याला कशाची बरं उपमा द्यावी. आता वर काही नाही. तरी मी सकाळी उठते, चहा करते, तुमच्याशी भांडते. हे कशावर चाललंय, असं लोकांना वाटत असेल. मलाही वाटत होतं.

भाऊजींनी शेंगांची पिशवी भरून दिली. संध्याकाळच्या एसटीने रोह्याला आले. कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबरठ्याबाहेर थांबले. माप ओलांडताना तुमच्या बहिणीने मला अडवलं होतं ती हीच जागा. घरात दिवा नव्हता. आळीत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. पिशवी एका हातात धरून मी पदर नीट केला.

सापडलं हो. ऐका.

"भात गेलं, ओल राहिली, वाल आला भरात,
सदाशिवरावांचं नाव घेते, कुणी नाही दारात."